पंचतंत्रातील वानराचे हात

पंचतंत्रात सिंह राज्य करतो, कोल्हा मंत्रीपद सांभाळतो, बगळा साधूचे सोंग आणतो. हे सारे प्राणी माणसाप्रमाणे बोलतात. परंतु देहानेही माणसाशी जवळीक असलेला एकच, तो म्हणजे वानर. त्याला हात आहेत. त्याच्या बहुतेक कथा या हातांवरच उभ्या आहेत.

पहिल्या तंत्रातील कथा सर्वपरिचित आहे. एका व्यापाऱ्याने नगराबाहेर देवालय बांधावयास काढले होते. दुपारी सुतार जेवावयास गेले, तेव्हा अर्धवट चिरलेल्या ओंडक्यात खैराची पाचर ठोकलेली राहिली. एका वानराने ओंडक्यावर बसून ती उपटली. फट मिटली आणि तीत सापडून तो मेला. नसत्या उठाठेवीत पडू नये, हे बजावण्यासाठी करटक ही कथा दमनकास सांगतो. मूळ संस्कृतात या उठाठेवीसाठी ‘व्यापार’ हाच शब्द योजलेला आहे. पेढीवरचा व्यापार हा त्याच शब्दाचा पुढे संकोचलेला अर्थ होय.

पावसात कुडकुडणाऱ्या वानराला घरट्यातील पक्षीण विचारते, ‘तुला तर माणसासारखे हातपाय आहेत, मग घर का बांधत नाहीस?’ प्रश्न रास्त आहे, पण वर्मी लागणारा. वानर त्याच हातांनी तिचे घरटे मोडतो. राजाच्या अंगावर बसलेली माशी तलवारीने मारू पाहणारा सेवक वानर तर निष्ठावंतच होता. त्याच्या मनात कपट नव्हते. हातात शस्त्र होते, एवढेच.

पंचतंत्राचा एक विस्तृत पाठ जैन मुनी पूर्णभद्र यांनी विक्रम संवत १२५५ मध्ये, म्हणजे इ.स. ११९९ साली, सिद्ध केला. तो ‘पंचाख्यान’ या नावाने ओळखला जातो. जर्मन पंडित योहानेस हर्टेल यांनी १९०८ साली तो हार्वर्डच्या ग्रंथमालेत संपादून प्रसिद्ध केला, आणि आर्थर रायडर यांचे १९२५ मधील इंग्रजी भाषांतर याच पाठावरून झाले. जैन मुनींनी हा ग्रंथ जपला नसता, तर तो आजच्या रूपात जगापुढे आला असता की नाही, याची शंकाच वाटते.

चौथ्या तंत्रातील रक्तमुख वानराचे हात मात्र देणारे आहेत. जांभळाच्या झाडावरून तो करालमुख मगरीला रोज फळे देतो, तिच्या घरीही पाठवतो. पाली जातकातील अशाच कथेत वानर आणि सुसर यांची मैत्री नाही; तेथे केवळ शिकार आणि सुटका आहे. पंचतंत्राने मैत्री आणली आणि कथा विश्वासघाताची झाली. मगरीच्या घरचे माणूस, म्हणजे तिचा जोडीदार, हट्ट धरतो की, असली गोड फळे खाणाऱ्याचे काळीजच हवे. भर पाण्यात मगर हे बोलून बसते. ‘काळीज तर झाडाच्या ढोलीत राहिले,’ असे सांगून वानर तिला परत फिरवतो आणि फांदी गाठतो.

ही कथा पहलवी व अरबी भाषांत गेली, तेव्हा मगरीचे कासव झाले आणि जांभळाचे अंजीर. वानर तेवढा तसाच राहिला.

सुटकेनंतरचा भाग मुलांच्या पुस्तकांतून सहसा वगळला जातो. वास्तविक तोच अधिक मोलाचा आहे. मगर ‘ती थट्टा होती’ म्हणून पुन्हा बोलावते, वानर नाकारतो. इतक्यात मगरीच्या जोडीदाराच्या मृत्यूची वार्ता येते, पाठोपाठ घर दुसऱ्या बलाढ्य मगरीने बळकावल्याचीही. निराधार झालेली मगर सल्ला मागते, तोही ज्याचा घात करावयास निघाली होती त्याच मित्राकडे. रक्तमुख प्रथम तिला खडसावतो, पण अखेर घर परत मिळवण्याचा मार्ग सांगतो. सल्ला तो मनापासून देतो, मात्र फांदीवरूनच. झाडाखाली उतरत नाही.