तापला सांधा, जुळली तार!

मुलांची सेलवरची गाडी आणून महिना होत नाही तोच बंद पडते. टॉर्च हलवला की लागतो, हात सोडला की विझतो. दुकानात नेलं तर उत्तर ठरलेलं, "ताई, दुरुस्तीला परवडत नाही, नवीनच घ्या." उघडून पाहिलं तर पुष्कळदा आतली एक बारीक तार निसटलेली असते, बाकी सगळं ठणठणीत! ती जोडायला दोन मिनिटं पुरतात आणि लागतं एक सोल्डरिंग आयर्न.

मैत्रिणींनो, नाव परकं असलं तरी काम आपल्या ओळखीचं आहे. सोनार तुटलेल्या साखळीला डाग देतो, त्याच जातीचं. 'हे काय बायकांचं काम?' असं कुणी विचारलंच, तर त्यांना अंधेरीच्या सीप्झची आठवण करून द्या. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठी १९७३ मध्ये ते सुरू झालं आणि तिथल्या कारखान्यांत बारीक भाग जोडायला मोठ्या संख्येने मुली आणि बायकाच बसत.

कोणतं घ्यायचं?

दुकानात गेलात की पहिला प्रश्न येईल, "किती वॉटचं?" नवशिकीने २५ वॉटचं मागावं. बारीक तारा आणि छोट्या सर्किटला ते पुरतं. ६० वॉटचं किंवा पिस्तुलासारखी सोल्डरिंग गन जाड तारांसाठी असते. नवख्या हातात तिच्यामुळे सर्किटवरची तांब्याची पट्टीच उखडून येते. टोकाला 'बिट' म्हणतात. तो बदलता येणारा असावा. पिन शक्यतो अर्थिंगची, म्हणजे तीन पायांची घ्यावी. सोबत स्टँड घ्याच. तापलेलं आयर्न वाटीवर टेकवून ठेवण्याचा उद्योग नको.

सोल्डरची तार ६०/४० मागावी. म्हणजे साठ भाग कथील आणि चाळीस भाग शिसं. ती साधारण १८३ ते १९० अंशांना वितळते. जाडी एक मिलिमीटर किंवा त्याहून थोडी कमी पुरे. तिच्या पोटातच राळ भरलेली असते, तिला फ्लक्स म्हणतात. तो धातूवरचा मळ काढतो. पत्र्याच्या कामाचं ॲसिड मात्र इथे वापरू नका, त्याने तार हळूहळू कुरतडली जाते.

हे सगळं काही शे रुपयांत बसतं आणि त्यासाठी लांब जावं लागत नाही. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. कॅम्प एक ते पाच हे पत्ते आजही तसेच आहेत. हाताने वस्तू करणं-जोडणं हीच ज्या गावाची ओळख, तिथल्या बाजारात हे सामान मिळतं. अंबरनाथ-बदलापूरहून लोकलने दोन-चार स्टेशनं. खास काही हवं असेल, तर ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड आहेच.

आधी कल्हई, मग काम

नवीन आयर्न तापलं की बिटावर थोडं सोल्डर वितळवून ओल्या स्पंजवर पुसा. टोक चांदीसारखं चमकायला हवं. पितळेच्या पातेल्याला कल्हई करतात ना, तेच हे! कल्हई गेलेला बिट काळा पडतो आणि मग कितीही तापला तरी सोल्डर धरत नाही. काम संपवतानाही टोकावर थोडं सोल्डर राहू द्या. काळा पडला म्हणून कानशीने घासू नका. आजच्या बिटांवर लोखंडाचा पातळ मुलामा असतो, तो गेला की बिट कामातून गेला.

आता मुख्य गोष्ट. नवखी बाई काय करते? बिटावर सोल्डरचा थेंब घेते आणि तारेवर नेऊन चिकटवते. थेंब बसतो, पण धरत नाही. कढई तापायच्या आत फोडणी टाकली तर काय होतं, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. म्हणून तार सोलून, स्वच्छ करून, जागच्या जागी नीट अडकवा. बिट दोन्ही धातूंना एकदम टेकवा. दोन-तीन सेकंदांनी सोल्डर बिटाला नव्हे, सांध्याला लावा. ते आपोआप पसरेल. आधी सोल्डर काढा, मग आयर्न. थंड होईपर्यंत हलवायचं नाही आणि फुंकरही मारायची नाही. सांधा चकचकीत आणि कडेला उतरता दिसला तर जमलं. वर गोळी बसली किंवा तो निस्तेज, खरबरीत दिसला, तर तो 'ड्राय सोल्डर', पुन्हा तापवायचा. पहिले दहा-वीस सांधे भंगारातल्या तारांवरच करा.

इथे हात आखडता घ्या

सोल्डरमध्ये शिसं असतं आणि ते लहान मुलांना व पोटातल्या बाळाला फार बाधतं. म्हणून हे काम स्वयंपाकाच्या ओट्यावर किंवा जेवायच्या जागी करू नये. काम झालं की साबणाने हात धुवा, सांडलेले कण ओल्या फडक्याने टिपा. घरी जोडणीचं काम घेणाऱ्या आणि दिवस गेलेल्या बाईने बिनशिशाची तार वापरावी. ती थोडी जास्त तापवावी लागते आणि तिचा सांधा मुळातच जरा कमी चमकतो. धूर राळेचा असतो, त्याने दम्याचा त्रास वाढतो. खिडकी उघडी ठेवा. पदर खोचा, केस बांधा. चटका बसला तर टूथपेस्ट नको, वीस मिनिटं नळाखाली धरा.

आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाते-येते. वीज गेली की बाई उठून दुसऱ्या कामाला लागते आणि तासाभराने आयर्न पडद्याशेजारी आपोआप तापू लागतं! म्हणून वीज गेली की आधी पिन काढायची.

सुरुवात फक्त सेलवर चालणाऱ्या वस्तूंपासून करा आणि सेल आधी काढून ठेवा. टीव्ही, मायक्रोवेव्ह, चार्जर यांच्या पोटात पिन काढल्यावरही वीज साठून राहते, त्यांना हात लावू नका. इस्त्री, गीझरच्या तारा सोल्डरने जोडू नका. उष्णतेने सांधा सुटतो. मोबाइलच्या बॅटरीला आयर्न कधीही टेकवू नका, ती पेट घेऊ शकते. २००५ आणि २०१९ च्या जुलैत उल्हास नदीचं पाणी बदलापूरच्या घरांत शिरलं, तशी वेळ आली तर भिजलेलं विजेचं उपकरण जाणकारालाच दाखवावं. तिथे तार जोडून भागत नाही.

आणि हात बसला, गोडी लागली तर? दहावी झालेल्या मुलीला आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड घेता येतो. अंबरनाथ आणि उल्हासनगर दोन्हीकडे सरकारी आयटीआय आहेत आणि राज्यातल्या आयटीआयमध्ये ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात. हा ट्रेड कुठे आहे, ते प्रवेशाच्या दिवसांत विचारून घ्यावं. तोवर घरातली बंद पडलेली एक गाडी, एक टॉर्च एवढं शिकायला पुष्कळ आहे.