कमी उंचीच्या महिलांसाठी ट्रायथलॉन सायकल : आधी शरीराचे माप, मग सांगाडा

पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे यांची एकामागोमाग कसोटी पाहणाऱ्या ट्रायथलॉन स्पर्धेत सर्वाधिक अंतर सायकलवर कापावे लागते. सिडनी येथे २००० साली झालेल्या ऑलिंपिक स्पर्धेत या खेळाचा प्रथमच समावेश झाला. त्यावेळी दीड किलोमीटर पोहणे आणि १० किलोमीटर धावणे यांच्या जोडीला सायकलचा टप्पा ४० किलोमीटरचा होता. आयर्नमॅन स्पर्धेत हा टप्पा १८० किलोमीटरचा, तर गोव्यात २०१९ पासून सुरू झालेल्या अर्ध-आयर्नमॅन स्पर्धेत तो ९० किलोमीटरचा असतो. एवढ्या अंतरात सायकल अंगाला बसणारी नसेल, तर मान, खांदे आणि गुडघे दुखावतात आणि पुढे धावण्यासाठी पायांत त्राण उरत नाही.

ही अडचण सर्वाधिक जाणवते ती पाच फुटांच्या आसपास उंची असणाऱ्या महिलांना. भारतातील प्रौढ स्त्रियांची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटीमीटर आहे, हे लक्षात घेतल्यास हा प्रश्न मोजक्या महिलांपुरता मर्यादित नाही, हे स्पष्ट होते.

कोणत्या स्पर्धेसाठी सायकल?

ऑलिंपिक पद्धतीच्या प्रमुख स्पर्धांमध्ये स्पर्धक एकमेकांच्या मागे राहून वाऱ्याचा आडोसा घेऊ शकतात. तेथे वळवलेल्या हँडलची रोड सायकलच वापरावी लागते. आयर्नमॅनसारख्या स्पर्धांत मात्र असा आडोसा घेण्यास मनाई असते. ट्रायथलॉन सायकल घडवली जाते ती या दुसऱ्या प्रकारासाठी. तिच्या हँडलवर कोपरे टेकवण्याच्या गाद्या आणि पुढे आलेल्या दोन दांड्या असतात. या जोडणीस एरोबार म्हणतात. सीटखालील नळी रोड सायकलमध्ये साधारण ७२ ते ७४ अंशांत, तर ट्रायथलॉन सायकलमध्ये ७६ ते ८० अंशांत असते. त्यामुळे सीट पुढे सरकते आणि कंबरेत फार न मुडपता पुढे झुकता येते.

अडचणीचे मूळ चाकात

बहुतेक सायकलींना ‘७०० सी’ या मापाची चाके असतात. टायरसह त्यांचा व्यास सुमारे ६७ सेंटीमीटर भरतो. सांगाडा लहान केला, तरी चाक लहान होत नाही. पुढचे चाक, त्यावरील चिमटा, हँडलच्या नळीची किमान लांबी आणि त्यावर एरोबार अशी चढती मांडणी झाल्यावर हँडल ठरावीक उंचीच्या खाली आणता येत नाही.

एक उदाहरण पाहू. पायाची आतील लांबी ७० सेंटीमीटर असेल, तर अमेरिकी सायकलपटू ग्रेग लेमाँड यांच्या नावाने परिचित असलेल्या सूत्रानुसार तिला ०.८८३ ने गुणावे. क्रँकच्या आसापासून सीटपर्यंतचे अंतर सुमारे ६२ सेंटीमीटर येते. सांगाड्याचा पुढील भाग आसापासून ५० सेंटीमीटर उंच असेल आणि त्यावर स्टेम व कोपराच्या गाद्या मिळून आणखी आठ-दहा सेंटीमीटर वाढले, तर कोपरे जवळजवळ सीटच्याच पातळीवर येतात. उंच स्पर्धक सहज साधतो तो पुढचा झोक येथे हाती लागत नाही.

दुसरी अडचण पायांची. लहान सांगाड्यात पुढचे चाक पेडलच्या जवळ येते आणि हळू वेगात वळताना बुटाचे टोक चाकाला लागू शकते. ते टाळण्यासाठी अनेकदा चिमटा अधिक तिरका लावला जातो. त्यामुळे चाक दूर जाते; परंतु सायकलच्या वळण्याचा स्वभावही बदलतो.

फसवा आकडा

सायकलवर ‘४८’, ‘५०’ किंवा ‘एक्सएस’ असे आकार लिहिलेले असतात. उत्पादकागणिक त्यांचा अर्थ बदलतो. वरच्या नळीची लांबीही दिशाभूल करणारी ठरते. सीटची नळी अधिक उभी केली की ही लांबी कागदावर कमी दिसते. प्रत्यक्षात क्रँकपासून हँडल तेवढेच दूर राहते.

म्हणून दोन मापे विचारावीत. क्रँकच्या आसापासून हँडलच्या नळीच्या माथ्यापर्यंतची उभी उंची म्हणजे ‘स्टॅक’ आणि त्याच दोन बिंदूंमधील आडवे अंतर म्हणजे ‘रीच’. सीटच्या कोनाचा या मापांवर परिणाम होत नाही. मात्र दोन्ही मापे एकत्रच पाहावी लागतात. हँडलची नळी मागे झुकलेली असल्याने हँडल कड्या घालून एक सेंटीमीटर वर घेतल्यास ते सुमारे तीन मिलिमीटर जवळही येते.

‘महिलांसाठी’ या शिक्क्यावरही विसंबून राहू नये. काही वेळा सांगाडा तोच ठेवून केवळ रंग, सीट आणि हँडलची रुंदी बदललेली असते. शिवाय एकाच उंचीच्या दोन महिलांमध्येही पाय, धड आणि हात यांच्या लांबीत मोठा फरक असू शकतो.

लहान चाकांचा पर्याय

या प्रश्नाचे एक उत्तर म्हणजे चाकच लहान करणे. अमेरिकेतील जॉर्जेना टेरी यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या कंपनीने कमी उंचीच्या महिलांसाठी पुढचे चाक लहान आणि मागचे नेहमीच्या मापाचे अशा सायकली बाजारात आणल्या. डॅन एम्पफील्ड यांच्या क्विंटाना रू या कंपनीच्या सुरुवातीच्या ट्रायथलॉन सायकलींना दोन्ही चाके ‘६५० सी’ मापाची होती. कॅनियन या जर्मन कंपनीने २०१७ मध्ये महिलांच्या रोड सायकलींच्या सर्वांत लहान आकारांत ‘६५० बी’ चाके दिली. नावे सारखी वाटली, तरी ही मापे भिन्न आहेत. टायर बसतो त्या कडेचा व्यास ७०० सीमध्ये ६२२, ६५० बीमध्ये ५८४ आणि ६५० सीमध्ये ५७१ मिलिमीटर असतो. एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही.

६५० सी चाकामुळे पुढचा भाग सुमारे अडीच सेंटीमीटर खाली आणता येतो आणि पाय चाकाला लागण्याचा धोका घटतो. प्रत्येक फेऱ्यात अंतर साधारण आठ टक्के कमी कापले जाते. परंतु पुढची दातेरी चकती थोडी मोठी घेतल्यास ही उणीव भरून निघते. खरी अडचण सुट्या भागांची आहे. ६५० सीचे टायर आणि ट्यूब दुकानात सहज मिळत नाहीत. स्पर्धेला जाताना ते सोबत ठेवणे आवश्यक ठरते.

क्रँक आणि सीट

सायकलींना सहसा १७० मिलिमीटर किंवा त्याहून लांब क्रँक असतो. लहान पायांना तो लांब पडतो. पुढे झुकल्यावर पेडल वर येताच मांडी पोटाला भिडते, श्वास कोंडतो आणि गुडघ्यावर ताण येतो. क्रँक १७० ऐवजी १६० मिलिमीटरचा बसवल्यास सीट १० मिलिमीटर वर घ्यावी लागते. परिणामी, पेडल सर्वांत वर असताना पायाला २० मिलिमीटर अधिक जागा मिळते. तुलनेने कमी खर्चात मोठा दिलासा देणारा हा बदल आहे.

एरोबारवर झुकताना कटिभाग पुढे कलतो आणि भार सीटच्या टोकावर येतो. त्यामुळे नाजूक भागावर दाब पडून जखमा होऊ शकतात. पुढे दुभंगलेले टोक असलेली सीट अनेकींना सुसह्य वाटते. तथापि, ती प्रत्यक्ष बसूनच निवडावी. ब्रेकची मूठ लहान बोटांच्या आवाक्यात आणता येते का, हेही तपासावे. वजनाने हलक्या चालकाला आडवा वारा अधिक ढकलतो. त्यामुळे उंच कडांची चाके, विशेषतः पुढचे चाक, विचारपूर्वक घ्यावे.

खरेदीपूर्वी

निवडीचा क्रम उलटा नसावा. प्रथम क्रँकची लांबी, मग सीटची उंची व पुढे-मागे असलेले स्थान आणि त्यानंतर कोपरांची जागा ठरवावी. ही मापे लिहून घेऊन त्यांत बसणारा स्टॅक आणि रीच शोधावा. सायकल फिट करणाऱ्या अनुभवी तंत्रज्ञाकडून हे मोजमाप खरेदीपूर्वी करून घेतल्यास तो खर्च वाया जात नाही. मोठा सांगाडा घेऊन त्यावर अगदी आखूड स्टेम लावणे ही तडजोड टाळावी. त्याने हात पोहोचतात. पण हँडल अतिसंवेदनशील होऊ शकते.

दुकानात स्पर्धेचेच बूट घालून पेडल पुढे आणावे आणि हँडल वळवून टोक चाकाला लागते का, ते पाहावे. शक्य असल्यास अर्धा तास एरोबारवर राहून सायकल चालवावी. खांदे आपोआप कानांकडे चढत असतील, अथवा सीटवर सारखे पुढे सरकावे लागत असेल, तर माप चुकले असे समजावे.

योग्य मापाची ट्रायथलॉन सायकल मिळालीच नाही, तर अंगाला नीट बसणाऱ्या लहान रोड सायकलला आखूड एरोबार जोडणे श्रेयस्कर ठरते. पहिल्या स्पर्धेसाठी ती पुरेशी आहे आणि पुढे कोणती मापे हवीत, याचा अंदाजही तिच्यावरूनच येतो.