शॉक ॲब्सॉर्बर घेताय? आधी ग्राफ बघा!

मित्रांनो, 'शॉक ॲब्सॉर्बर' हे नावच थोडं फसवं आहे! खड्ड्याचा धक्का झेलते ती स्प्रिंग. शॉकचं काम म्हणजे स्प्रिंगमधली ऊर्जा तेलामार्फत उष्णतेत बदलून गाडीचं हेलकावणं थांबवणं. म्हणून त्याला डॅम्पर म्हणणंच योग्य.

मग तो किती कडक हवा? समजा, एका चाकावर गाडीचं २५० किलो वजन येतं आणि चाकापाशी स्प्रिंग रेट २५ न्यूटन प्रति मिलिमीटर आहे. वस्तुमान आणि रेट यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं, की क्रिटिकल डॅम्पिंग मिळतं : ५००० न्यूटन-सेकंद प्रति मीटर. रोजच्या गाडीत साधारण याच्या २० ते ४० टक्के डॅम्पिंग असतं, ट्रॅकवर ६५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे चाक सेकंदाला ०.१ मीटर वेगाने हललं, तर ३२५ न्यूटन विरोध.

पण जास्त कडक म्हणजे चांगला, असं मुळीच नाही. रिबाउंड फार कडक असेल, तर चाक पूर्ण खाली यायच्या आतच पुढचा उंचवटा येतो. गाडी खाली बसत जाते, टायरची पकड सुटते. अशा वेळी ब्रेक दाबला तर?

म्हणून दुकानात डायनो ग्राफ मागा. डाव्या-उजव्या शॉकचे आकडे जुळतात का? तापल्यावर फोर्स किती घटतो? नॉबच्या प्रत्येक क्लिकला खरंच फरक पडतो का? ग्राफच नसेल, तर नुसत्या चकचकीत रंगावर टीमचं बजेट उधळू नका. पकड देतो तो टायर. शॉकने त्याला रस्त्यावर टेकवून ठेवलं, की झालं!