खामगावची चांदी आणि हातकामाचं समाधान

बुलढाणा जिल्ह्यातलं खामगाव 'रजतनगरी' म्हणून ओळखलं जातं. चांदीचं हातकाम एकदा तरी जवळून बघाच! चांदी साधारण 962 अंश सेल्सिअसला वितळते. मुशीतला रस साच्यात ओतायचा, मग ऐरणीवर ठोकून पत्रा काढायचा. ठोकता ठोकता चांदी कडक होते, म्हणून ती पुन्हा तापवून नरम करावी लागते, नाहीतर तडा जातो. मग पत्रा राळेवर बसवून छिन्नीने नक्षी उठवायची. घाव चुकला की लगेच दिसतो, नीट बसला की तोही दिसतो. हातकामातलं समाधान मला यातच सापडतं. खामगावला गेलात तर नुसता भाव विचारू नका. वस्तू कोणी, कशी घडवली तेही विचारा. आणि स्वतःच्या हातांनी काहीतरी घडवायला आजच सुरुवात करा.