लॅपटॉपला दुसरा मॉनिटर जोडताय? केबल घेण्याआधी पोर्ट बघा

एका बाजूला ऑनलाइन लेक्चर आणि दुसऱ्या बाजूला नोट्स उघडायच्या म्हटलं की लॅपटॉपची स्क्रीन अपुरी पडते. घरात जुना मॉनिटर किंवा टीव्ही असेल तर तो दुसरी स्क्रीन म्हणून वापरता येतो. वेगळं सॉफ्टवेअर सहसा लागत नाही, लागते ती केबल. आणि पैसे वाया जातात ते नेमके तिथेच.

दोन्हीकडे एचडीएमआय पोर्ट असेल तर प्रश्नच मिटला. मॉनिटर जुना असेल आणि त्याला फक्त १५ पिनांचा व्हीजीए पोर्ट असेल, तर 'एचडीएमआय टू व्हीजीए' कन्व्हर्टर घ्या. दुकानात दिशा स्पष्ट सांगा: लॅपटॉपकडे एचडीएमआय, मॉनिटरकडे व्हीजीए. उलट्या दिशेचा कन्व्हर्टरही मिळतो, पण तो इथे चालणार नाही.

खरी गोची यूएसबी-सीची आहे. पोर्टचा आकार सगळीकडे सारखाच, पण काही पोर्टमधून फक्त चार्जिंग आणि डेटा जातो, चित्र जात नाही. पोर्टशेजारी थंडरबोल्टचं विजेसारखं चिन्ह असेल तर निश्चिंत राहा. नसेल तर कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलच्या माहितीत 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड' लिहिलंय का ते बघा. तुमच्या फोनचंही असंच आहे. बऱ्याच स्वस्त फोनना यूएसबी-सी असतं, पण केबल लावून टीव्हीवर काहीच दिसत नाही. शिवाय केबलही व्हिडिओ नेणारी हवी, चार्जरसोबत आलेली बहुतेक वेळा चालत नाही.

केबल लावली की मॉनिटरच्या मेनूत योग्य इनपुट निवडा. मग विंडोज बटण आणि पी एकत्र दाबा. 'डुप्लिकेट' म्हणजे दोन्हीकडे तेच चित्र. आपल्याला हवंय 'एक्स्टेंड', म्हणजे डेस्कटॉप पुढे दुसऱ्या स्क्रीनवर पसरतो.

आता माउस नको त्या कडेला अडकतोय? सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग डिस्प्ले उघडा. तिथे १ आणि २ असे चौकोन दिसतील. मॉनिटर टेबलावर डावीकडे असेल तर त्याचा चौकोनही ओढून डावीकडे ठेवा आणि 'अप्लाय' करा. हे बरेच जण करतच नाहीत आणि मग वैतागतात!

फोर-के टीव्हीवर माउस अडखळत असेल तर रिफ्रेश रेट तपासा. जुन्या एचडीएमआय १.४ वर फोर-के फक्त ३० हर्ट्झला चालतं. रिझोल्यूशन १०८०पी केलं की ६० मिळतं.

उघडी विंडो दुसऱ्या स्क्रीनवर न्यायला विंडोज, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण एकत्र दाबा, ओढत बसायची गरज नाही.