नमस्कारात न जुळणारे तळवे

नमस्कार करायला हात जोडावेत आणि तळवे नीट टेकूच नयेत, कारण अनामिका किंवा करंगळी आत वळलेली आहे. कन्नड तालुक्यात वर्षानुवर्षे कापूस वेचलेल्या, खुरपे धरलेल्या माणसाचे असे झाले की घरचे म्हणतात, शीर आखडली, तेल चोळा. शेजारी मात्र आवाज खाली आणून विचारतात, महारोग तर नाही? या दोन वाक्यांमध्ये उपचाराचे मोलाचे दिवस निघून जातात, म्हणून बोट का वळले हे आधी ओळखायला हवे.

एक कारण युरोपात फार दिसते, आपल्याकडे त्यामानाने कमी. पॅरिसचे शल्यविशारद ड्युपुइत्राँ यांचे नाव त्याला मिळाले. एका मृत वृद्धाचा असाच वळलेला हात त्यांनी उकलून पाहिला, तर शिरा, म्हणजे बोट हलवणारे स्नायुबंध, निर्दोष होते. ओढ होती ती कातडीखालच्या चिवट पडद्याची. 1831 साली त्यांनी हे मांडले. या पडद्यातल्या पेशी आकसू लागतात आणि कोलॅजनचे दोर वळतात. सुरुवातीला तळव्यात गाठ येते, कातडीला खळगा पडतो. मग दोर बोटात उतरतो. चोळून तो सैल होत नाही. घराण्याकडून हा कल येतो, आणि मधुमेह असला तर शक्यता वाढते.

नुसती गाठ असेल तर सहसा काही करू नये. तळवा ओट्यावर सपाट ठेवून पाहावा. तो टेकेनासा झाला की हाताच्या शल्यविशारदाला दाखवावे. बोटाचा मधला सांधा वळू लागला असेल तर थांबण्यात तोटा आहे, कारण तो एकदा आखडला की पुरता सरळ करणे अवघड जाते. तळव्याजवळचा सांधा जास्त समजूतदार असतो.

सर्वांत सोपा उपाय सुईचा. जागा बधिर करून सुईच्या टोकाने दोर तोडतात, माणूस त्याच दिवशी घरी जातो. पण दोर आतच राहतो. नेदरलँड्समधल्या एका चाचणीत पाच वर्षांत अशा सुमारे 85 टक्के रुग्णांचे बोट पुन्हा वळले. दोर कापून काढलेल्यांत हे प्रमाण 21 टक्के होते. कापण्यात जखम मोठी, बोटाच्या चेतातंतूला धोका आणि हाताला कित्येक आठवडे सक्तीची विश्रांती. तिसरा मार्ग दोर विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा. अमेरिकेत 2010 साली त्याला मान्यता मिळाली, युरोपातून कंपनीने ते 2020 मध्ये काढून घेतले, आणि 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत ते शस्त्रक्रियेची बरोबरी करू शकले नाही. मला विचाराल तर वय, काम आणि दुसऱ्या हाताची अवस्था पाहूनच सुई की सुरी हे ठरावे.

मधुमेहात बोटांचे सगळेच सांधे ताठरतात, तेव्हाही नमस्कार जुळत नाही. तिथे साखर आटोक्यात आणणे आणि व्यायाम हेच काम.

कुष्ठरोगातली वळलेली बोटे मात्र वेगळी गोष्ट आहे. तिथे चेता दुखावते, हाताला बधिरपणा येतो, करंगळी-अनामिका पंज्यासारख्या वळतात. सुरुवातीला दुसऱ्या हाताने त्या सरळ करता येतात. ड्युपुइत्राँच्या दोरात तसे होत नाही आणि स्पर्शही शाबूत असतो. या पंज्यावरही इलाज आहे. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी निरोगी स्नायुबंध वळवून बोटांना पुन्हा काम दिले, आणि पुण्याच्या कोंढव्यात डॉ. नोशीर अंतिया यांनी कुष्ठरुग्णांवर पुनर्रचनेच्या शस्त्रक्रिया केल्या.

म्हणून घरीच कापसाचा बोळा डोळे मिटून करंगळीवर फिरवून घ्या. स्पर्श कळत असेल आणि तळव्यात दोर लागत असेल, तर शस्त्रक्रिया वेचणी आटोपल्यावर ठेवता येईल. स्पर्श कळत नसेल, तर वेचणी दुसऱ्यावर सोपवून त्याच आठवड्यात कन्नडचे ग्रामीण रुग्णालय किंवा संभाजीनगरचे घाटी रुग्णालय गाठा: बधिरपणा सहा महिन्यांच्या आतला असेल तर औषधाने चेता पुन्हा जागी होऊ शकते.