एकट्या 'एमडेन'चा हिशेब

'एमडेन' ही जर्मन क्रूझर लांबीला ११८ मीटर, वजनाला ३,६६४ टन. १९०८ साली डान्झिगच्या गोदीत तिचं जलावतरण झालं. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर, ऑगस्ट १९१४ मध्ये, आपल्या ताफ्यापासून वेगळी होऊन ती एकटीच हिंदी महासागराकडे निघाली आणि तीन महिन्यांत सुमारे ३०,००० सागरी मैल फिरली. विषुववृत्तावरून पृथ्वीप्रदक्षिणेला २१,६०० पुरतात!

पण खरा थक्क करणारा हिशेब कोळशाचा आहे. तिची कोठारं काठोकाठ भरली, तर जेमतेम ८६० टन कोळसा मावायचा. बेताच्या वेगानं गेलं तरी तो ३,७६० मैलांतच संपायचा. म्हणजे एवढ्या प्रवासासाठी निदान आठदा कोठारं भरायला हवीत, आणि वाटेतली बंदरं जवळजवळ सगळी शत्रूची! मग कोळसा दुसऱ्या जहाजांवरून घ्यावा लागायचा, आणि काळ्या धुळीत माखलेले खलाशी उष्ण कटिबंधातल्या उकाड्यात पोती ओढत राहायचे. सप्टेंबरअखेर 'बुरेस्क' हे ब्रिटिश जहाज हाती लागलं. त्यात ६,६०० टन उत्तम वेल्श कोळसा होता, साडेसात वेळा पोट भरेल एवढा.

कॅप्टन कार्ल फॉन म्युलरनं सुमारे ७० हजार टनांची १६ ब्रिटिश व्यापारी जहाजं बुडवली, पण आधी त्यांवरची माणसं उतरवून घेतली. हे मला त्या आकड्याहून मोठं वाटतं. २२ सप्टेंबरच्या रात्री मद्राससमोर येऊन त्यानं सव्वाशेच्या आसपास गोळे डागले आणि बर्मा ऑइल कंपनीच्या टाक्या पेटवल्या. किनाऱ्यावर माणसं मेली, हेही विसरता येत नाही. महिन्याभरानं पेनांग बंदरात एक रशियन क्रूझर आणि बंदराबाहेर एक फ्रेंच विनाशिकाही त्यानं बुडवली.

९ नोव्हेंबरला कोकोस बेटांपाशी ऑस्ट्रेलियाची 'सिडनी' समोर आली. दोघींच्याही एका बाजूनं पाचच तोफा चालायच्या. पण एमडेनचा गोळा साधारण १७ किलोंचा, सिडनीचा ४५ किलोंचा. एका सरबत्तीला ८५ किलोंविरुद्ध २२५! दोनेक तासांच्या आत एमडेन मोडकळीस आली आणि म्युलरनं ती नॉर्थ कीलिंगच्या प्रवाळावर चढवली. तिच्यावरचे १३० हून अधिक जण मारले गेले, सिडनीवरचे चार.

चेन्नईला गेलात, तर उच्च न्यायालयाच्या भिंतीवर एमडेनच्या माऱ्याची आठवण सांगणारी पाटी आहे. ती जरूर बघा.